तळ्यातला गणपती : सारसबाग, पर्वतीचे तळे आणि जलाशयाचा जीर्णोद्धार

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

श्रीक्षेत्र आळंदीहून पुण्यनगरीकडे येणारा मार्ग विश्रांतवाडीवरून जातो. आषाढी वारीत श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच मार्गाने शहरात प्रवेश करते आणि भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात विसावते. वारीच्या निमित्ताने किंवा एरवी आळंदीच्या दर्शनासाठी येऊन विश्रांतवाडीत उतरणाऱ्या भाविकांना पुण्यातील प्रमुख देवस्थानांचेही दर्शन घ्यावयाचे असते. ग्रामदैवत कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी आणि पर्वतीवरील श्री देवदेवेश्वर यांच्याबरोबर सारसबागेतील श्री सिद्धिविनायकाचे नाव त्यात आवर्जून घेतले जाते.

जुने पुणेकर या दैवतास ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. प्रथमच येणाऱ्या यात्रेकरूस या नावाचा अर्थ चटकन उमगत नाही. समोर विस्तीर्ण हिरवळ, वृक्षराजी, फिरावयास आलेली कुटुंबे आणि मध्यभागी उंचवट्यावर मंदिर असे दृश्य दिसते. मग तळे कोठे आहे, असा प्रश्न त्याच्या मनात येतो. या प्रश्नाचे उत्तर समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कारण त्या उत्तरात पुणे शहराच्या पाण्याचा इतिहास आहे आणि प्रत्येक भाविकाने व देणगीदाराने मनन करावे असा एक धर्मविचारही आहे.

तळ्याची निर्मिती

श्रीमंत बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे यांच्या कारकिर्दीत (इ. स. १७४० ते १७६१) पुणे हे लहान कसब्याचे मोठे शहर झाले. नव्या पेठा वसल्या, वाडे उभे राहिले आणि वाढत्या वस्तीला पाणी पुरविण्याचा प्रश्न निर्माण झाला. नानासाहेबांनी कात्रज येथे दगडी बंधारे घालून तलाव बांधविले. तेथील पाणी जमिनीखालून बांधीव नळाने शहरात आणले आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. नळातील हवा बाहेर पडावी व गाळ काढणे सोयीचे व्हावे म्हणून मार्गात ‘उच्छ्वास’ बांधले होते. यंत्राची मदत न घेता केवळ उताराच्या आधारे काही कोस पाणी आणणारी ही योजना अभ्यासकांच्या कौतुकाचा विषय ठरली आहे.

याच काळात पर्वतीच्या टेकडीवर श्री देवदेवेश्वराचे मंदिर उभे राहिले. इ. स. १७४९ मध्ये तेथे देवाची प्रतिष्ठापना झाली. त्यानंतर टेकडीच्या पायथ्याशी तळे करण्याचे काम हाती घेण्यात आले. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा पूर्वी गावाच्या बाजूने वाहत मुठेस मिळत असे. त्याला बांध घालून त्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळविण्यात आला आणि त्याच्या पाण्यावर पर्वतीचे तळे भरू लागले. हे काम इ. स. १७५० ते १७५५ या सुमाराचे होय.

तळे खोदताना मध्यभागी सुमारे २५,००० चौरस फुटांची जागा बेट म्हणून राखून ठेवण्यात आली. त्या बेटावर बाग फुलविण्यात आली आणि नानासाहेबांनी तिला ‘सारसबाग’ असे नाव दिले. तळ्याच्या काठी हिराबाग होती. पेशवे या तळ्यात नौकाविहार करीत. राज्यकारभाराची गुप्त मसलत फुटू नये म्हणून ती नावेत बसून करीत आणि मराठी भाषा न समजणारे हबशी नावाडी वल्ही मारीत, अशी आख्यायिका पुण्यात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते.

पानिपतच्या आघातानंतर दिनांक २३ जून १७६१ रोजी नानासाहेबांचे पर्वतीवरच निधन झाले. त्यांच्या राजकारणाविषयी इतिहासकारांत मतभेद असतील; परंतु पुण्याला पाणी देणारा राज्यकर्ता म्हणून त्यांचे स्मरण सर्वांनाच करावे लागते.

बेटावरील श्रींची स्थापना

बेटावरील बागेत श्री सिद्धिविनायकाची स्थापना इ. स. १७८४ मध्ये श्रीमंत सवाई माधवराव पेशवे यांच्या काळात झाली. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ चा. म्हणजे त्या वेळी त्यांचे वय अवघे दहा वर्षांचे होते आणि कारभाराची धुरा नाना फडणवीस वाहत होते. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांचा शिकारखानाही होता. त्यात निरनिराळे वन्य पशू पाळलेले होते.

श्रींची मूर्ती आकाराने लहान व उजव्या सोंडेची आहे. त्या काळी चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे दर्शनास जाणे म्हणजे पाणी ओलांडून जाणे होते. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव लोकांच्या तोंडी रूढ झाले ते यामुळेच. मूळ तळे आज उरलेले नाही. नाव मात्र टिकले आहे.

जलाशयाविषयी धर्मशास्त्राची दृष्टी

तळ्याचे पुढे काय झाले हे पाहण्यापूर्वी आपले धर्मग्रंथ जलाशयाकडे कसे पाहतात हे ध्यानात घेणे इष्ट होईल.

आपल्या परंपरेत सत्कर्माचे ‘इष्ट’ आणि ‘पूर्त’ असे दोन भाग मानले आहेत. यज्ञयागादी कर्म हे इष्ट होय. विहिरी, बारव, तळी, देवालये, उद्याने आणि अन्नदान ही लोकोपयोगी कर्मे पूर्त या सदरात येतात. देऊळ, तळे आणि बाग या तिन्ही गोष्टी शास्त्राने एकाच ओळीत बसविल्या आहेत, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे. सारसबागेत त्या तिन्ही एकत्र आल्या आहेत.

तळे बांधून झाल्यावर त्याचा ‘उत्सर्ग’ करावा असे विधान आहे. उत्सर्ग म्हणजे त्याग. भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विधीचे सविस्तर विवेचन केले आहे. दानात वस्तू एका विशिष्ट व्यक्तीस दिली जाते. उत्सर्गात घेणारा कोणी एक नसतो. ते पाणी सर्व प्राणिमात्रांना अर्पण होते. बांधणाऱ्याची मालकी त्या क्षणी संपते. त्यानंतर तो पाण्याचा उपयोग करू शकतो, परंतु सर्वांपैकी एक म्हणून.

मत्स्यपुराणात या विधीचे जे वर्णन आहे ते फार अर्थपूर्ण आहे. त्यात सोन्याचे कासव व मकर, चांदीचा मासा व पाणसाप, तांब्याचा खेकडा व बेडूक आणि लोखंडाचा शिशुमार घडवून ते विधीत योजावेत असे सांगितले आहे. यजमान आपल्या ऐपतीप्रमाणे सुवर्ण देतो, परंतु त्या सुवर्णाला रूप मात्र कासवाचे आणि मकराचे द्यावयाचे आहे. तळे हे माणसाच्या घागरीपुरते नसून जलचरांचे घर आहे, ही जाणीव विधीतच गुंफलेली आहे.

याच पुराणात तळ्याच्या पुण्याचे एक मोजमापही सांगितले आहे. ज्या तळ्यात पावसाळ्यात पाणी असते त्याचे फळ अग्निष्टोमाइतके. हेमंत व शिशिर ऋतूंपर्यंत टिकले तर वाजपेय व अतिरात्र यांइतके. वसंतापर्यंत टिकले तर अश्वमेधाइतके. आणि ग्रीष्मातही ज्याचे पाणी आटत नाही त्याचे फळ राजसूयाहूनही अधिक, असा त्याचा आशय आहे.

या वचनाचा मर्मार्थ असा की, पुण्य केवळ खोदण्याने पुरे होत नाही. ते पाणी टिकण्यावर अवलंबून आहे. तळे बांधणारा एक असतो, पण ते ग्रीष्मापर्यंत राखणारे अनेक असतात. गाळ काढणारा, बांध डागडुजी करणारा, पाणी घाण न करणारा असा प्रत्येक जण बांधणाऱ्याच्या पुण्याचा भागीदार होतो. उलटपक्षी, राखण थांबली की बांधणाऱ्याचे श्रमही वाया जातात.

तळे का आटले

पर्वतीच्या तळ्याची पुढील हकीकत या मोजमापावर तपासून पाहावी. ओढ्याच्या पाण्यावर भरणाऱ्या कोणत्याही तळ्यास गाळाचे भय असते. डोंगरउतारावरून येणारे पाणी माती घेऊन येते; तळ्यात ते संथ होते आणि माती तळाशी बसते. दर काही वर्षांनी उन्हाळ्यात गाळ काढला तर तळे राहते. न काढला तर खोली कमी होत जाते, पाणी लवकर तापते, लवकर आटते आणि शेवटी दलदल उरते.

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला. ज्या सत्तेने तळे बांधले व राखले ती राहिली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे धरण झाले व शहराच्या पाणीपुरवठ्याचा भार तिकडे गेला. ज्या पाण्यावाचून अडत नाही त्या पाण्याकडे लक्षही राहत नाही, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. तळ्यात गाळ साचत गेला आणि विसाव्या शतकात ते भरून निघून त्याची जमीन झाली. श्रींचे बेट होते तेथेच राहिले. त्याच्या भोवतालचे पाणी ओसरले.

उद्यानाच्या रूपाने पुनरुज्जीवन

१९५० मध्ये पुणे महानगरपालिका स्थापन झाली. त्यानंतर या परिसराला नवे रूप आले. तळ्याच्या जागेतील एका भागात १९५३ मध्ये पेशवे उद्यान व प्राणिसंग्रहालय सुरू झाले. १९५६ पासून तेथे धावणाऱ्या ‘फुलराणी’ या छोट्या आगगाडीने पुण्यातील कित्येक पिढ्यांचे बालपण आनंदी केले. १९९९ मध्ये कात्रज येथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झाल्यावर येथील प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे हलविण्यात आले. तळ्याच्या विस्ताराचा आणखी एक भाग आज सणस मैदान म्हणून ओळखला जातो.

मंदिराभोवतालच्या भागात १९६० नंतरच्या काळात महानगरपालिकेने आजची सारसबाग विकसित केली. हिरवळ, पायवाटा, वृक्ष आणि मंदिराच्या टेकाडालगत कमळांचे पाणी अशी तिची रचना आहे. मंदिराची व्यवस्था श्री देवदेवेश्वर संस्थान, पर्वती व कोथरूड यांच्याकडे असून उद्यानाची व्यवस्था महानगरपालिकेकडे आहे. १९९५ मध्ये मंदिराच्या आवारात श्रीगणेशाच्या विविध मूर्तींचे छोटे संग्रहालयही करण्यात आले. थंडीच्या दिवसांत श्रींना लोकरीचा स्वेटर व कानटोपी घालण्याची येथील प्रथा भाविकांच्या विशेष प्रेमाचा विषय आहे. दिवाळीत पहाटे येथे पणत्या उजळण्यासाठी मोठ्या संख्येने लोक येतात.

या पुनरुज्जीवनाने गमावलेले सर्वच परत मिळाले, असे मात्र म्हणता येणार नाही. नानासाहेबांचे तळे परत आलेले नाही. त्याची आठवण म्हणून थोडे पाणी राखले गेले आहे. परंतु त्या थोड्या पाण्याचे मोल मोठे आहे. कारण दैवताच्या नावाचा अर्थ त्याच्यामुळेच डोळ्यांस दिसतो. ते नाहीसे झाले तर ‘तळ्यातला गणपती’ हे केवळ पुस्तकातील नाव उरेल. दुसऱ्या बाजूने पाहता, तळ्याची एवढी विस्तीर्ण जागा शहराच्या ऐन मध्यभागी सर्वांसाठी मोकळी राहिली, हेही लहान भाग्य नव्हे. उत्सर्गाचा मूळ हेतू पाण्याच्या रूपाने नव्हे तरी बागेच्या रूपाने काही अंशी राखला गेला.

ओढ्याची आठवण

दिनांक २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात अतिवृष्टी झाली आणि आंबिल ओढ्यास महापूर आला. पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल या परिसरांत पाणी घरांत शिरले. त्या रात्रीच्या पावसाने व पुराने शहर व परिसरात अनेकांचे प्राण घेतले. ज्या ओढ्याकडे एरवी लोक सांडपाण्याचा नाला म्हणून पाहत होते, तो कात्रजच्या डोंगराचे पाणी वाहून नेणारा प्रवाह आहे याची शहराला त्या रात्री फार दुःखद रीतीने आठवण झाली.

या घटनेचा व सारसबागेचा संबंध असा की, पर्वतीचे तळे याच ओढ्यावर होते. पूर्वी पावसाळ्यातील लोंढा काही अंशी सामावून घेणारी, त्याचा वेग मंद करणारी अशी तळी व मोकळी पात्रे असत. जलाशय पिण्यासाठी लागेनासा झाला म्हणून निरुपयोगी होत नाही. तो पुराचे पाणी धरतो, जमिनीत मुरवितो आणि भोवतालची हवा शीतल ठेवतो. प्रवाहाची वाट व थांबण्याची जागा मोकळी ठेवणे हाही जलाशयाच्या जीर्णोद्धाराचाच भाग होय.

जीर्णोद्धार म्हणजे नेमके काय

देवस्थानाचा जीर्णोद्धार म्हटला की शिखर, सभामंडप, फरशी व रंगकाम एवढेच बहुतेकांच्या नजरेसमोर येते. जेथे देव पाण्याच्या सान्निध्यात आहे तेथे पाण्याचा जीर्णोद्धारही तितकाच आवश्यक असतो. त्याची सर्वसाधारण अंगे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) गाळ काढणे : हे काम चैत्र-वैशाखात, पाणी सर्वांत कमी असताना करतात. मासे व कासवे आधी दुसऱ्या पाण्यात हलवावी लागतात. कमळाचे कंद जपून काढून पुन्हा लावावे लागतात. निघालेला गाळ टाकाऊ नसतो. सांडपाण्याचे वा रसायनांचे दूषण नसेल तर तो झाडांना व शेतीला उत्तम खत होतो. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना याच जुन्या शहाणपणावर आधारलेली आहे.

२) काठाची दुरुस्ती : जुने दगडी काम चुन्यात केलेले असते. चुना ओलावा बाहेर पडू देतो. अशा बांधकामावर सिमेंटचा कडक गिलावा दिल्यास ओल आत कोंडते व दगड अधिक लवकर झिजतात. म्हणून जुन्या कामास चुन्याचीच दरजभरणी करणे योग्य.

३) पाण्याची येण्या-जाण्याची वाट : पावसाचे स्वच्छ पाणी आत यावे, सांडपाणी येऊ नये आणि जादा पाणी बाहेर पडावे, अशी व्यवस्था नसेल तर एकदा केलेली सफाई दोन-तीन वर्षांत व्यर्थ जाते.

४) पाण्यातील जीवन : कमळाची पाने पाण्यावर सावली धरतात व शेवाळ आटोक्यात ठेवतात; तथापि पाने संपूर्ण पृष्ठभाग झाकू लागल्यास ती विरळ करावी लागतात. लहान मासे डासांच्या अळ्या खातात. हा समतोल राखणे हे सततचे काम आहे. त्याचे उद्घाटन नसते आणि समाप्तीही नसते.

भाविकांनी ध्यानात ठेवावे

निर्मल्य पाण्यात सोडणे म्हणजे ते पवित्र ठिकाणी पोहोचविणे, अशी अनेक भाविकांची श्रद्धा असते. ती श्रद्धा वाहत्या, भरपूर पाण्याच्या काळातील आहे. लहान, साचलेल्या पाण्यात फुले, हार, नारळ व प्रसाद कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू त्या कुजण्यात खर्च होतो. पहाटेच्या वेळी तो सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात व मरतात. माशांना पाव, पीठ व लाह्या घालण्याचाही परिणाम असाच होतो. ज्या जलचरांच्या सुवर्णप्रतिमा घडवून पूर्वजांनी तळे अर्पण केले, त्यांनाच आपल्या हाराने गुदमरविणे ही पूजा होऊ शकत नाही.

म्हणून भाविकांना नम्र विनंती अशी :

– निर्मल्य कलशातच टाकावे; त्याचे खत होऊन ते झाडांच्या मुळाशी जाते.
– पाण्यात नाणी, अगरबत्तीची वेष्टने, प्लॅस्टिक पिशव्या टाकू नयेत.
– मूर्तींचे विसर्जन त्यासाठी नेमलेल्या हौदात करावे; प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही.
– हिरवळीवर प्रसाद घेतल्यावर द्रोण-पत्रावळी उचलून न्याव्यात.

देणगीदारांच्या माहितीसाठी

अभिषेक, महापूजा, अन्नदान, दागिने व बांधकाम यांसाठी भाविक आपणहून देणगी देतात. कोणत्याही देवस्थानात गाळ काढण्यासाठी देणगी देणारा मात्र विरळा. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. फरशीवर नाव कोरता येते. काढून टाकलेल्या गाळावर कोरता येत नाही. परंतु उत्सर्गाचा अर्थ लक्षात घेतला तर नाव न उरणे हेच या दानाचे वैशिष्ट्य आहे. जलाशय अर्पण करणारा स्वतःची मालकी सोडतो. त्याची राखण करणारा नावाचाही मोह सोडतो.

पुण्यातील असो वा आपल्या स्वतःच्या गावातील असो, देवळाजवळ एखादे तळे, कुंड, बारव किंवा पुष्करणी बहुधा असतेच. देवदर्शनाहून परत गेल्यावर तिची स्थिती पाहावी. तेथील विश्वस्त, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका यांच्याशी बोलावे. देणगी देताना ‘जलाशयाच्या राखणीसाठी’ असा स्पष्ट उल्लेख पावतीवर करून घ्यावा, म्हणजे ती रक्कम त्याच कामी लागते. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी थोडी रक्कम दिल्यास तिचा उपयोग अधिक होतो. कारण गाळ दरवर्षी येतो.

दर्शनास कसे जावे

विश्रांतवाडीपासून सारसबाग सुमारे १० किलोमीटर अंतरावर, शहराच्या दक्षिण बाजूस आहे. स्वारगेटला येणाऱ्या बसने उतरून पायी जाता येते. २०२४ पासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रोही सुरू झाली आहे. येरवडा स्थानकातून निघून जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलावी. चतुर्थीस व सुट्टीच्या सायंकाळी गर्दी फार असते. वृद्धांनी व लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी सकाळची वेळ निवडावी.

प्रथम श्री सिद्धिविनायकाचे दर्शन घ्यावे. नंतर उंचवट्यावरून चोहीकडे नजर टाकावी व समोरची हिरवळ एके काळी पाणी होती हे मनात आणावे. शक्य असल्यास पर्वतीच्या पायऱ्या चढून वरूनही हा परिसर पाहावा. बेट कोठे होते व तळे कोठवर पसरले असावे याची कल्पना तेथून चांगली येते. खाली उतरल्यावर कमळांच्या पाण्याजवळ क्षणभर थांबावे. वैशाखातही ते पाणी भरलेले दिसले, तर ते कोणा एकाचे नव्हे, अनेकांच्या राखणीचे फळ आहे असे जाणून त्यासही नमस्कार करावा.

॥ शुभं भवतु ॥